बाबांच्या वहीतला जानेवारीचा पाऊस खोडू का?

लालबागची_लेक
बाबांचं आत्मकथन टाइप करतेय. वय ७९, हयात गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर गेली. चार दोनशेपानी वह्या. तिसरीत आहे: ‘१८ जानेवारी १९८२. संपाचा पहिला दिवस. गेटवर उभा होतो. पाऊस असा की खिशातला पास भिजून लगदा झाला.’

जानेवारीत, मुंबईत? तारीख तर पक्की आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप त्याच दिवशी सुरू झाला. पण पासही खोटा नाही. आईनं तो रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपलाय. नावाची शाई फुटून निळा डाग झालाय, फोटोतला एक कान गेलाय.

कादंबरी असती तर पाऊस राहू दिला असता. इथे ‘मी’ म्हणून लिहिलंय. एवढं चुकलेलं दिसलं तर पुढची उधारीची, मोडलेल्या मंगळसूत्राची पानंही कुणी खरी मानणार नाही, याचीच भीती वाटते. काय करू?

बखरप्रेमी
खोडा. एकदा छापलं की तेच खरं होऊन बसतं. मल्हार रामराव चिटणिसांची बखर संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेली. तिच्यातलं व्यसनी राजाचं चित्र नाटकांनी किती काळ रंगवलं! ते खोडायला वा. सी. बेंद्र्यांना चाळीस वर्षं कागद धुंडाळावे लागले, चरित्र आलं १९६० साली.

परळकर
बखरीचा न्याय बापाच्या वहीला कसा लावता? दया पवारांनी ‘बलुतं’ या आत्मकथनात स्वतःलाच समोर बसवून दगडू मारुती पवारची कहाणी ऐकली. तसं करा ताई. बाबांचं वाक्य ठेवा, खाली तुमच्या नावानं टीप द्या.

नायगाव_लाइन
तो दिवस १८ ऑगस्ट तर नव्हे? त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईत पोलिसांचं बंड झालं, लष्कर बोलवावं लागलं. गिरणी कामगारही रस्त्यावर उतरले होते. मी पोलीस लाइनीत वाढलो, तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आई खिडकीशी उभं राहू देत नव्हती. काकांना तारीख विचारू नका, सोबत कोण होतं ते विचारा.

लालबागची_लेक
दादा, विचारलं. बाबा आधी गप्प राहिले, मग म्हणाले, ‘शेजारच्या खोलीतला हवालदार घरी आला नव्हता. त्याच्या बायकोसाठी बघायला गेलो होतो.’ म्हणजे ऑगस्टच. जानेवारीत पाळी सुटल्यावर घरी येऊन झोपले होते, तेही आता आठवलं. दोन्ही दिवस वेगळे करून त्यांच्याच हातानं पुन्हा लिहून घेतेय.

मी विचारलं, ‘सात महिने गिरणी बंद, मग पास खिशात कशाला?’

म्हणाले, ‘भोंगा वाजला असता तर?’