संकेतस्थळ बंद पडल्याची खात्रीची सूचना कशी मिळवावी? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वैयक्तिक संकेतस्थळावर लक्ष ठेवण्यासाठी मी घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ‘अपटाइम कुमा’ हे संकेतस्थळ चालू आहे का ते तपासणारे सॉफ्टवेअर बसवले असून ते दर ६० सेकंदांनी मुखपृष्ठ तपासते. गेल्या मंगळवारी डेटाबेस बंद पडून पानावर केवळ त्रुटीचा संदेश उरला, तरीही सर्व्हर २०० हाच, म्हणजे ‘सर्व ठीक’ असे सांगणारा, स्टेटस कोड पाठवत राहिल्याने कुमाची पट्टी रात्रभर हिरवीच दिसली. सकाळी एका वाचकाने कळवले तेव्हा मला समजले, याचे फार वाईट वाटले. आता तळटिपेतला ठरावीक शब्द पानावर सापडतो का, हेही तपासले जाते. मात्र घरची वीज गेली की तपासणीच थांबते. यासाठी बाहेरची सेवा घ्यावी की दुसऱ्या शहरात छोटा सर्व्हर ठेवावा? सूचनेपूर्वी किती वेळा फेरतपासणी करावी? कृपया अनुभव सांगावा.