देवळं बांधून बगान बुडालं म्हणे!

इरावतीकाठ:
परवा इथे एकाने ब्रह्मदेशातल्या (आताचं म्यानमार) बगान या जुन्या राजधानीच्या ट्रिपचे फोटो टाकले, पहाटेचं धुकं, वर बलून, खाली विटांची देवळं, सगळं झकास, आणि शेवटी इतिहास दोन ओळींत उरकला की राजांनी देवळांवर पैसा उधळला, खजिना रिकामा झाला, 1287 ला मंगोल आले आणि शहर जाळून गेले. खाली सगळे माना डोलावतायत. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते एवढं वाढलं की वेगळा धागाच काढला.

मंगोलांनी बगान जाळल्याचा पुरावा कुठाय? 1277 ला चीनमधल्या युनानच्या सीमेकडे लढाई झाली, मार्को पोलोने वर्णन केलंय ती, बाणांच्या माऱ्याने ब्रह्मी हत्ती बिथरले ती. मग 1283-84 च्या मोहिमेत उत्तरेतली ठाणी पडली, तगाउंगसुद्धा. राजा नरथिहपते दक्षिणेला पळाला आणि 1287 ला त्याचा जीव घेतला तो त्याच्याच मुलाने. मंगोल फौज खुद्द बगानपर्यंत पोचली का यावरच इतिहासकारांचं एकमत नाही, शहर बेचिराख झाल्याच्या खुणा नाहीत आणि नंतरही तिथे दानाचे शिलालेख कोरले जातच होते. पुढे बगानचा नंतरचा राजा क्यॉस्वा मंगोलांचा मांडलिक झाला आणि 1297 च्या डिसेंबरात त्याला गादीवरून खेचलं ते म्यिन्साइंगच्या तीन भावांनी. हे बाहेरचे नव्हते, याच राज्याचे सरदार, आणि च्याउक्सेचा मुलूख त्यांच्या हातात होता. बगान कोरड्या पट्ट्यात, तिथे भात होत नाही, राजधानी जेवायची ती च्याउक्से आणि मिन्बूच्या कालव्यांवर. तो तांदूळ गेला तिथे राज्य गेलं.

आणि उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की 1044 ला अनोरथा गादीवर आला तेव्हापासून दोनशेच्या वर वर्षं हेच करत राज्य वाढलं कसं? गवंडी, वीटभट्टीवाले, सुतार, भिंती रंगवणारे, सगळ्यांना मजुरी मिळायची, कुणाला काय दिलं ते शिलालेखांत लिहून ठेवलंय. दान दिलेली जमीन पुष्कळदा पडीक असायची, ती लागवडीला आली. हा पैसा वाया गेला नाही, देशात फिरला.

हिशेबनीस:
मंगोलांचं मान्य. पण मोठा आकडा तुम्ही गाळलात. देवळाला किंवा बौद्ध भिक्षूंच्या संघाला दिलेली जमीन कायमची करमुक्त, परत घ्यायची सोय नाही, घेतली तर नरकात जाशील असे शाप शिलालेखातच कोरलेले. इतिहासकार मायकेल आँग-थ्विन यांनी शिलालेखांवरून अंदाज काढलाय की 1280 पर्यंत वरच्या ब्रह्मदेशातली लागवडीची जवळपास दोन तृतीयांश जमीन अशी माफीत गेली होती. माझी सगळी नोकरी वसुलीच्या कामात गेली, माफीची जमीन जास्त असलेल्या गावात उरलेल्या चार खातेदारांची काय पिळवणूक होते ते मी डोळ्यांनी बघितलंय. सरदारांना द्यायला जमीन नाही, फौजेला द्यायला धान्य नाही, मग सरदार म्यिन्साइंगला बसून स्वतःचं बघणारच. राजांनाही हे कळत होतं. 1235 ला गादीवर आलेल्या क्यास्वाने (वरचा क्यॉस्वा वेगळा) जमिनी परत घ्यायचा प्रयत्न केला, संघापुढे फारसं चाललं नाही. आणि नरथिहपतेने तरीही मंगलझेदीसारखा प्रचंड स्तूप काढलाच, तो पुरा झाला की राज्य बुडेल असं लोक बोलत होते अशी तिकडची आख्यायिका आहे. लोकांना दिसत होतं ते राजाला दिसलं नाही?

इरावतीकाठ:
आख्यायिका नंतर रचल्या जातात, राज्य बुडाल्यावर भाकितं सगळ्यांनाच आठवतात. आणि आँग-थ्विन यांचंच घ्यायचं तर पूर्ण घ्या, त्यांचं म्हणणंही हेच आहे की ज्या दानाने राज्य उभं केलं त्यानेच ते पोखरलं. तुम्ही फक्त दुसरं अर्धं वाक्य उचलताय.

कोरडवाहू:
मला वाटतं विटा भाजायला जंगल तोडलं म्हणून पाऊस गेला आणि शेती बसली, असं कुठेतरी वाचलेलं.

इरावतीकाठ:
नाही हो. बगानला पाऊस कमी कारण आराकान योमाच्या आडोशाला आहे, माण-खटावला पाऊस का पडत नाही तसंच. सरपण लागलंच असणार, हजारो देवळांच्या विटा आहेत, पण कोरडा पट्टा विटांमुळे नाही झाला, तो आधीपासूनच कोरडा.

सुनीता_क:
मजुरी मजुरी चाललंय, पण त्याच शिलालेखांत जमिनीबरोबर माणसंही दान दिलीयत ते कुणी बोलणार का? नावानिशी याद्या आहेत, नवरा बायको मुलं, एवढी कुटुंबं अमुक देवळाला. वंशपरंपरा. पुढच्या शतकांत या देवळाच्या दासांना लोक शिवून घेत नव्हते. आनंद मंदिराचे फोटो टाकताना हे कुणाला आठवत नाही.

हिशेबनीस:
ताई, त्या काळात अशी माणसं राजाच्या फौजेतून आणि वेठीतून सुटायची, काहींनी स्वतःहून देवळाचा आसरा घेतला असंही दिसतं. म्हणजे राजाची जमीनही गेली आणि माणसंही गेली, माझ्या मुद्द्याला बळकटीच येते.

सुनीता_क:
तुमच्या मुद्द्याला बळकटी येते म्हणून गुलामी सोयीची होत नाही. बाहेर वेठ आणि आत दास्य, यातून निवडलं त्याला "स्वतःहून" म्हणायचं? माझ्या आजीची आई देवाला सोडलेली होती, तिलाही देवळाचं संरक्षण होतं असंच गावातले लोक सांगायचे. मला या विषयावर हिशेब नकोयत.

हिशेबनीस:
ठीक आहे, तो शब्द मी वापरायला नको होता. बाकी मुद्दा तसाच.

मातीवीट:
सिव्हिलवाला आहे म्हणून बांधकामावर बोलतो. बगानमध्ये खऱ्या कमानी आहेत, भारतात तेव्हाची बहुतेक देवळं थरावर थर पुढे काढून वर मिटवलेली. 1060 ला आपल्याकडे अंबरनाथचं शिवालय उभं राहत होतं, उत्तम कोरीव काम, पण आत जागा केवढीशी. तिकडे बगानचं थत्ब्यिन्यू मंदिर 60 मीटरच्या वर आहे, तेही विटांत. तिथल्याच धम्मयान्जी मंदिराच्या विटांच्या सांध्यात सुई गेली तर नरथू राजा गवंड्याला शिक्षा करायचा अशी दंतकथा आहे, दंतकथा खोटी असेल पण सांधे बघून विश्वास बसतो. मला खरा राग आहे तो अलीकडे तिथल्या सरकारने त्याचं काय केलं याचा. 1975 च्या भूकंपानंतर युनेस्कोबरोबर बरं काम चाललं होतं. 1990 नंतर लष्करी राजवटीने देणग्या गोळा करून नुसत्या जोत्यांवर नव्या लालभडक विटांची नवीन देवळं चढवली, मूळ कसं होतं याचा पत्ता नसताना. सगळी एका साच्यातली. त्यात गोल्फ कोर्स, त्यात वरून बघायला बांधलेला तो अवाढव्य टॉवर. जागतिक वारसा यादीत यायला 2019 उजाडलं ते उगाच नाही. आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये भूकंप झाला तेव्हा पडलेल्यातलं बरंचसं हेच नवं काम होतं.

वारीकर_ठाणे:
हे मात्र पटत नाही. बगान म्हणजे म्युझियम नाही, लोक आजही पूजा करतात. पडलेली पगोडा उभी करणं हे बौद्धांसाठी पुण्यच आहे, आणि हे आजचं नाही, बगानचा राजा क्यान्सिथा याने बोधगयेच्या मंदिराची दुरुस्ती करायला माणसं आणि द्रव्य पाठवलं होतं, 13 व्या शतकाच्या शेवटी, राज्य मोडत असतानासुद्धा ब्रह्मी लोक तिथे जाऊन दुरुस्ती करत होते, तिथे त्यांचा शिलालेख आहे. तेव्हा कुणी विचारलं का की वीट जुनी की नवी?

मातीवीट:
पुण्याच्या नावाखाली मी आमच्या गावचं हेमाडपंती देऊळ मरताना बघितलंय. काळ्या दगडाच्या खांबांवर गुलाबी ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, शिखराला सिमेंट, आणि वर देणगीदारांच्या नावांचा ग्रॅनाइट. दगडाला श्वास घ्यायला जागा नाही, आतून ओल धरून सुटतोय. मी विरोध केला तर भावकीने मला नास्तिक ठरवलं.

वारीकर_ठाणे:
आणि मी उलटं बघितलंय. आमच्याकडचं देऊळ संरक्षित म्हणून जाहीर झालं, कुलूप लागलं, दिवा लावायलासुद्धा कुणी जायचं नाही, आता तिथे पिंपळ उगवलाय आणि बाटल्या पडलेल्या असतात. ऑइलपेंटवाल्यांनी निदान छप्पर गळू दिलं नसतं. तुम्हाला भक्त नको असतात, फक्त दगड हवे असतात.

मातीवीट:
तोंड सांभाळून बोला. मला दगड हवेत म्हणता, पिंपळाची मुळं काढायला दोरीला लटकून मी स्वतः काम केलंय. चुन्याच्या जागी सिमेंट घातलं की जुनी वीट फुटते यात भक्तीचा काय संबंध?

भटकी:
बगानला मी गेलेय. आमचा घोडागाडीवाला सांगत होता की त्याचं कुटुंब जुन्या बगानमध्ये देवळांच्या मधेच राहायचं, 1990 ला सगळ्यांना उठवून लांब नव्या बगानला नेलं, मोकळ्या माळावर. त्याची आजी रोज ज्या देवळाला फुलं वाहायची ते आता तिकिटाच्या हद्दीत. तुम्ही दोघं विटांवर भांडताय, तिथल्या सरकारने भक्त हाकलले आणि वर चुकीच्या विटाही लावल्या. दोन्ही केलं.

वारीकर_ठाणे:
हे माहीत नव्हतं. माणसं हाकलून केलेल्या जीर्णोद्धाराची बाजू मी घेणार नाही. पण त्याच्या आजीला विचारलं असतं तर पडकं देऊळ हवं की उभं, तर ती उभंच म्हणाली असती, यावर मी ठाम आहे.

मातीवीट:
उभं मलाही हवंय. ज्याचा खालचा पाया मोजलाय, वरचा आकार जुन्या फोटोत किंवा चित्रात आहे, ते चुन्यात उभं करा, माझी ना नाही. बाकीच्याला टेकू द्या आणि हात लावू नका.

रत्नागिरीकर:
मूळ विषय कुठे गेला? आमच्याकडे ब्रह्मदेश म्हटलं की थिबा पॅलेस, टिळक आणि मंडाले यापलीकडे कुणी जात नाही म्हणून हा धागा आवडीने वाचत होतो. मला एक सांगा, म्यिन्साइंगवाल्यांच्या हातात सत्ता आली तर मंगोल गप्प बसले का?

इरावतीकाठ:
नाही, 1301 ला पुन्हा फौज आली आणि म्यिन्साइंगला वेढा घातला. तट पडेना, उन्हाळा तोंडावर आला, शेवटी भावांनी सेनापतींना सोनं-चांदी देऊन परत पाठवलं, आणि परत गेल्यावर त्या सेनापतींना लाच घेतली म्हणून मृत्युदंड झाला. जाता जाता त्या फौजेकडून च्याउक्सेत कालवा खणून घेतला असंही बखरी सांगतात. 1303 ला मंगोलांनी ब्रह्मदेशातून पूर्ण माघार घेतली. म्हणून म्हणतो, ज्यांनी बगान "जाळलं" त्यांना च्याउक्सेचा एक किल्लाही घेता आला नाही.

हिशेबनीस:
हे तुमच्या नाही, माझ्या बाजूचं आहे. ज्यांच्या हातात कर भरणारी जमीन होती त्यांनी 1301 ला मंगोल परतवले, आणि सगळी जमीन दान देऊन बसलेल्या नरथिहपतेला ते 1284 ला जमलं नाही. शत्रू तोच, मुलूख तोच. मंगोलांनी शहर जाळलं हे वाक्य त्या पोस्टवाल्याने काढावं, त्यात मी तुमच्याबरोबर सही करतो. पण माफीच्या जमिनीने राज्य पोकळ केलं हे मी सोडणार नाही, ते खोडायचं असेल तर 1235 ते 1287 मधली फौजेची भरती कुठून झाली ते दाखवा.

इरावतीकाठ:
पोकळ केलं यावर माझं भांडण नव्हतंच, उधळलं यावर होतं. भरतीचं बघतो, अहमुदान म्हणजे राजाची सैनिकी कुळं होती त्यांच्या जमिनी वेगळ्या होत्या, त्यांचं या पन्नास वर्षांत काय झालं ते शोधून इथेच टाकतो.