भातुकलीत मुलगी माझीच नक्कल करते. तिला थांबवावे का?

प्रश्न
माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. रोज दुपारी ती एकटीच भातुकली मांडते. कापडी हत्ती हे तिचे बाळ, टीव्हीचा रिमोट हा फोन आणि उलटा ठेवलेला पोळपाट हा लॅपटॉप. हत्तीला भूक लागली की ती त्याला दटावते, "थांब जरा, आईचा कॉल चालू आहे ना!" शब्द माझे आणि सूरही माझाच. मी घरून काम करते, त्यामुळे हे ऐकून मला फार अपराधी वाटते. परवा मी मध्येच म्हटले, "आई आता फोन ठेवते आणि बाळाला भरवते." त्यावर ती चिडली आणि तिने सगळा डाव मोडला. हा खेळ सुधारावा की त्याकडे दुर्लक्ष करावे?

उत्तर १ (निवृत्त बालवाडी शिक्षिका)
डाव मोडला यात नवल नाही, कारण खेळ तिचा होता आणि नियम तुम्ही बदललात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात असे मांडले होते की, खेळात मूल आपल्या वयापेक्षा मोठे होते, कारण आईची भूमिका घेतली की आईला लागू असलेले नियमही त्याला पाळावे लागतात. एरवी जिला ताटकळावे लागते, ती येथे दुसऱ्याला ताटकळत ठेवते आणि हत्तीच्या तोंडून स्वतःची भूकही बोलून दाखवते. हा तुमच्यावरचा आरोप नव्हे. मात्र तोच प्रसंग जराही न बदलता, आनंद न घेता रोज चालत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी अवश्य बोलावे.

उत्तर २
माझे मत थोडे वेगळे आहे. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचा भर लटक्या स्वयंपाकापेक्षा मुलाच्या हाताला पेलणाऱ्या खऱ्या कामावर होता. त्यांच्या विचारांनी प्रभावित झालेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तूंचा उपयोग केला. तुम्हीही तिला मटार सोलायला आणि कणकेचा गोळा लाटायला द्या. अर्थात, माझ्या मुलाने खरे मटार सोलल्यावर भातुकली सोडली नाही. दुसऱ्या दिवशी बाहुल्यांच्या पंगतीला मटार उसळ होती, एवढेच.

उत्तर ३ (सावंतवाडी)
आमच्या चितारआळीत लाकडी भातुकली मिळत असे, पण आम्ही भावंडे बहुधा करवंटीतच मातीचा भात रांधत असू. बहीण आजी होई आणि खऱ्या आजीच्याच आवाजात आम्हाला, "मेल्यांनो, पाय धुतलेत का?" असे दरडावी. आजी ओटीवर बसून ते सारे ऐकत असे, परंतु ती कधी मध्ये पडली नाही. तुम्हालाही खेळायचे असेल, तर बोलावणे येईपर्यंत थांबा आणि मिळेल ती भूमिका घ्या.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. काल बोलावणे आले. तिने दिलेली रिकामी वाटी मी लगेच तोंडाला लावली, तर "अगं, चहा गरम आहे!" म्हणून ओरडा बसला, तेव्हा फुंकर घालून प्यायले. आता मी हत्तीची मावशी आहे आणि त्याला भरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. फोन अजून तिच्याकडेच आहे.