मदत हवी आहे: कॅन्सर सपोर्ट संस्थेत इंटर्नशिप करताना खोटा दिलासा देऊन बसले

नमस्कार मंडळी,

मी एडिंबरात पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करते आहे, स्टुडंट व्हिसावर. पाच आठवड्यांपूर्वी इथल्याच एका छोट्या कॅन्सर सपोर्ट संस्थेत इंटर्न म्हणून रुजू झाले. अभ्यासक्रमाचा भाग नाही, मीच अर्ज केला होता. पगार नाही, फक्त येण्याजाण्याचा खर्च देतात. प्रश्न दोन आहेत. कागदपत्रांचा शेवटी लिहिते. आधी तो, ज्यानं आठवडाभर झोप नाही.

आमच्याकडे यायला अपॉइंटमेंट लागत नाही. या गावात ही पद्धत जुनी आहे. मॅगी केझिक जेंक्स यांनी स्वतःच्या कॅन्सरच्या आजारपणात जशी जागा हवी होती तशी आखली, आणि पहिलं मॅगीज सेंटर (कॅन्सर झालेल्यांना आधार देणारं केंद्र) १९९६ मध्ये इथल्या वेस्टर्न जनरल हॉस्पिटलच्या आवारात, जुन्या तबेल्याच्या इमारतीत उघडलं. ते बघायला त्या राहिल्या नाहीत, १९९५ मध्येच गेल्या. तिथे रिसेप्शनचं काउंटर नसतं, स्वयंपाकघर आणि मोठं टेबल असतं. आमची संस्था वेगळी, पण टेबल आहे. दार उघडायचं, चहा विचारायचा, सोबत बसायचं, आणि कुणाला सरकारी भत्त्याचा फॉर्म भरायचा असेल किंवा समुपदेशक हवा असेल तर योग्य माणसाशी गाठ घालून द्यायची, हे माझं काम. आजार किती बरा होईल यावर अवाक्षर काढायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गेल्या मंगळवारी एक सत्तरीच्या बाई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) केमोमुळे त्यांच्या बोटांना मुंग्या येतात, म्हणून कप दोन्ही हातांनी धरतात आणि आम्ही तो अर्धाच भरतो. नातवासाठी स्वेटर विणायला घेतलाय. एक बाही झाली होती, दुसरीचे टाके सारखे सुटत होते. त्यांनी झालेली बाही टेबलावर पसरली, तळहातानं सरळ केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यानं हा घातलेला मला बघायला मिळेल का गं?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "मिळणारच! अजिबात काळजी करू नका."

त्या "हो, हो" म्हणाल्या, लोकर पिशवीत भरली आणि दहा मिनिटांत निघाल्या. एरवी तासभर बसतात.

आपल्या तोंडात हे वाक्य बसलेलंच असतं. ताप येवो नाहीतर ऑपरेशन असो, आपण "काही होत नाही" म्हणतो आणि ते मायेनंच म्हणतो. मीही मायेनंच म्हणाले. पण बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की त्यांना कुणाशी तरी त्या भीतीबद्दल बोलायचं होतं आणि मी दोन वाक्यांत दार लावून घेतलं. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या आजारातल्या शुश्रूषेची, चळवळ उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांची 'टोटल पेन' ही कल्पना, म्हणजे शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि जगण्याच्या अर्थाचं दुखणं एकत्रच बघायचं, यावर मी गेल्या सत्रात निबंध लिहिलाय. म्हणून जास्त लागतंय.

आता या मंगळवारी त्या आल्या तर विषय मी काढू का? सुपरवायझरना सांगू का? सांगितलं तर मला टेबलावरून उठवून फायलींच्या कामाला लावतील, अशी भीती वाटते.

दुसरा प्रश्न: संस्थेच्या पत्रात "इंटर्न, आठवड्याला १६ तास, मंगळवार आणि गुरुवार, हजेरी आवश्यक" असं लिहिलंय. शिवाय मी ग्रंथालयात ६ तास पगारी काम करते. व्हिसावर सत्र चालू असताना मर्यादा २० तासांची. मैत्रीण म्हणते, पैसे मिळत नसतील तर ते तास मोजायचेच नाहीत. खरं आहे का?

प्रतिसाद १

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेत) नर्स आहे. सुपरवायझरना आजच सांग, मंगळवारची वाट बघू नकोस. सुपरव्हिजन याच्यासाठीच असते. आम्हाला धास्ती वाटते ती चूक पोटात ठेवणाऱ्यांची.

बाईंची माफी मागत बसू नकोस, नाहीतर तुझी समजूत काढायचं काम त्यांच्यावर येईल. इतकंच म्हण: "त्या दिवशी तुम्ही स्वेटरबद्दल विचारलंत आणि मी घाईनं उत्तर दिलं. बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन." मग गप्प बस. ती शांतता फार लांब वाटेल, वाटू दे. त्या "छे गं" म्हणाल्या तर विषय सोडून दे, दार उघडं आहे हे त्यांना कळलेलं असतं. रडल्या तर लगेच टिश्यू पुढे करू नकोस, 'आता पुरे' असा त्याचा अर्थ होतो. किती दिवस आहेत हे विचारलं तर ते त्यांच्या डॉक्टरांनी किंवा नर्सनं सांगायचं, पण तिथे काय विचारायचं ते लिहून काढायला तू नक्की मदत करू शकतेस.

प्रतिसाद २

मैत्रिणीचं ऐकू नकोस. ब्रिटनच्या नियमांत व्हॉलंटिअरिंग आणि व्हॉलंटरी वर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करार नाही, यायचं बंधन नाही, पगारी माणसाची जागा घेत नाही, तर ते व्हॉलंटिअरिंग, ते २० तासांत धरत नाहीत. ठराविक तास आणि हजेरीचं बंधन आलं की ते व्हॉलंटरी वर्क होऊ शकतं, आणि ते बिनपगारी असलं तरी मोजलं जातं. तसं ठरलं तर तुझे २२ होतात. आठवडा सोमवार ते रविवार धरतात, सरासरी काढून चालत नाही. आणि उन्हाळ्यावर भिस्त ठेवू नकोस, मास्टर्सला प्रबंधाचे महिने सहसा सुट्टीत धरत नाहीत. पत्र घेऊन विद्यापीठाच्या इंटरनॅशनल स्टुडंट ॲडव्हायझरकडे जा. इथे इमिग्रेशनचा सल्ला द्यायलाही अधिकृत मान्यता लागते, त्यामुळे माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

धागाकर्ती, नऊ दिवसांनी

दोघांचे मनापासून आभार. सुपरवायझर रागावल्या नाहीत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मंगळवारी शेजारच्या खोलीत थांबल्या. बाई आल्या. मी ते वाक्य बोलले. त्या बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कागद आहे का?" नर्सला विचारायचे तीन प्रश्न आम्ही लिहिले. मी लिहिले, कारण पेन त्यांच्या बोटांत टिकत नव्हतं. स्वेटरचा प्रश्न दुसरा होता.

ॲडव्हायझरनी पत्र बघून १६ तास मोजायलाच सांगितले. ग्रंथालयाचं काम मी ४ तासांवर आणलंय.