इंग्लंडमधील भरीव भिंतींच्या जुन्या घराचे इन्सुलेशन : आतून करावे का? खर्च, अनुदान आणि ओलीबद्दल सल्ला हवा आहे

नमस्कार. इंग्लंडमध्ये जुने घर घेऊन त्याचे इन्सुलेशन करून घेतलेल्या सभासदांचा सल्ला हवा आहे. आमचे घर रेडिंग येथे असून ते साधारण १९०५ चे, दुमजली आणि दोन्ही बाजूंनी शेजारच्या घरांना जोडलेले आहे. बाहेरच्या भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या आहेत. (आपल्या घराबद्दल शंका असल्यास विटांची मांडणी पाहावी. एकाच थरात विटेची लांब बाजू आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसत असेल, तर भिंत बहुधा भरीव असते.) त्यामुळे भिंतीच्या पोकळीत इन्सुलेशन भरण्याचा स्वस्त मार्ग आमच्यासाठी मुळातच बंद आहे.

माळ्याबद्दल फारसा प्रश्न नाही. तिथे जुनी काचलोकर जेमतेम १०० मिलीमीटर आहे आणि ती शिफारशीप्रमाणे २७० पर्यंत वाढवायची, हे ठरले आहे. मात्र न्हाणीघरातल्या इलेक्ट्रिक शॉवरची जाड केबल माळ्यावरून जाते. ती लोकरीखाली गाडली गेली तर तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि ती तापू शकते, म्हणून इलेक्ट्रिशियनला आधी बोलावले आहे. त्याच न्हाणीघराला पंखा बसवायचा आहे, पण छताला जुना खडबडीत नक्षीचा लेप आहे. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली आणि त्याआधीच्या अशा लेपांत ते असू शकते, त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय कुणालाही तिथे भोक पाडू देणार नाही. छपराला आतल्या बाजूने इन्सुलेशनचा फेस फवारण्याचा प्रस्तावही एकाने दिला होता, परंतु अशा घरांवर अनेक बँका कर्ज देण्यास नाखूश असतात, म्हणून तो विषय तिथेच संपवला.

खरा पेच भिंतींचा आहे. मध्यंतरी एक गृहस्थ दारावर येऊन ‘सरकारी योजनेतून बाहेरून इन्सुलेशन, तेही फुकट’ असे सांगून गेले. आमची दर्शनी भिंत लाल विटांची, मधूनमधून करड्या विटांचे पट्टे असलेली आहे. ती झाकून टाकायला मन धजत नाही हे एक. शिवाय छपराची वळचण इतकी आखूड आहे की १०० मिलीमीटरचा थर तिच्याबाहेर डोकावेल आणि पावसाचे पाणी थेट त्याच्या वरच्या कडेतून आत उतरेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दोन सरकारी योजनांची तपासणी प्रसिद्ध केली. तीनुसार बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी सुमारे ९८ टक्के घरांत दुरुस्तीची गरज असलेले मोठे दोष होते. आतून केलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. हे वाचल्यावर ‘फुकट’ या शब्दाचे आकर्षण पार ओसरले.

आतून करायचे म्हटले तर दोन कंत्राटदारांची दोन मते आहेत. दर्शनी भिंतीच्या दोन खोल्यांसाठी पहिल्याने फॉइल लावलेल्या कडक फेसाच्या पाट्या आणि जिप्सम असे ३,२०० पौंडांचे कोटेशन दिले आहे. दुसऱ्याने ६० मिलीमीटर जाडीच्या लाकूडतंतूंच्या पाट्या आणि त्यावर चुन्याचा गिलावा सुचवला असून तो ५,६०० पौंड मागतो. दुसऱ्याचे म्हणणे मला अधिक पटते, कारण फॉइल ओल अडवून धरते, तर लाकूडतंतू आणि चुना ती आरपार जाऊ देतात. भिंत आतून झाकली की तिला घराची ऊब मिळत नाही, ती आधीपेक्षा थंड राहते आणि पावसाने भिजल्यावर सावकाश वाळते. आमच्या वरच्या मजल्याच्या लाकडी तुळयांची टोके याच भिंतीत रुतलेली आहेत. खोलीतली दमट हवा फटींतून त्या थंड टोकांपर्यंत पोचली तर तिथे पाणी धरते आणि लाकूड कुजू लागले तरी जमीन दबेपर्यंत कुणाला कळत नाही. त्यातच पूर्वीच्या मालकाने विटांच्या दरजा सिमेंटने भरून ठेवल्या आहेत, त्यामुळे भिंतीत शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट आधीच अरुंद झाली आहे.

आपल्या घरात वाफही कमी नसते. सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघराच्या काचेवरून पाण्याचे ओघळ खिडकीच्या लाकडात उतरू लागतात, आणि हिवाळ्यात कपडे रेडिएटरवरच वाळतात. पहिल्या कंत्राटदाराला याबद्दल विचारले तेव्हा त्याने ‘खिडकी उघडी ठेवा’ असे उत्तर दिले. जानेवारीत खिडकी उघडीच ठेवायची असेल, तर इन्सुलेशनवर पैसे खर्च करण्याचे प्रयोजन काय, हे त्याने सांगितले नाही.

अनुदानाबाबत आमची स्थिती अशी आहे. स्थानिक परिषदांमार्फत मिळणाऱ्या ‘वॉर्म होम्स’ मदतीसाठी घरातले वार्षिक उत्पन्न सर्वसाधारणपणे ३६,००० पौंडांच्या आत लागते. आम्ही त्यात बसत नाही. उष्णता पंपासाठी ७,५०० पौंड मिळतात, पण ते भिंतींसाठी नाहीत. राहता राहिली व्हॅटची सूट : कंत्राटदाराने साहित्य आणून बसवून दिले तर ३१ मार्च २०२७ पर्यंत शून्य व्हॅट; साहित्य स्वतः विकत आणून बसवले तर नेहमीचा २० टक्के.

आता माझे प्रश्न. ज्यांनी लाकूडतंतू आणि चुना वापरून आतून काम केले, त्यांनी तुळयांच्या टोकांपाशी नेमके काय केले? मजल्याच्या फळ्या उचलून दोन तुळयांमधली भिंतही झाकली, की तेवढी जागा मोकळी सोडली? बांधकामाच्या नियमांनुसार भिंतीचे यू-मूल्य (भिंतीतून किती उष्णता निसटते याचे माप; जितके कमी तितके चांगले) ०.३० पर्यंत आणावे लागते, परंतु ६० मिलीमीटरने ते जेमतेम ०.५ च्या आसपास येते. ओलीचा धोका दाखवून दिल्यावर तुमच्या परिषदेच्या बांधकाम निरीक्षकाने हे मान्य केले का, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे मागितली? सिमेंटच्या दरजा काढून चुन्याने भरण्याचे काम इन्सुलेशनच्या आधी करणे अनिवार्य आहे का? तसे असेल तर भिंतीला वाळायला किती काळ द्यावा? दुसऱ्या कंत्राटदाराच्या कोटेशनची मुदत या महिनाअखेरीस संपते आहे, त्यामुळे निदान या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कुणी आधी दिले तर त्याच्याकडून मुदत वाढवून घेता येईल.