गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमक्या कोणत्या सेवा मिळतात?

प्रश्न : चोपडा तालुक्यातील वाचक

मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. आई-वडील, धाकटा भाऊ आणि भावजय गावी राहतात. आबांना मधुमेह व उच्च रक्तदाब असून गोळ्यांसाठी ते दर महिन्याला चोपड्याच्या खासगी दवाखान्यात जातात. भावजयीला तिसरा महिना चालू आहे, आणि भाऊ रात्रीच्या विजेवर केळीला पाणी भरायला जात असल्याने विंचू-सापाची धास्तीही असतेच. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असूनही लहान मुलांच्या लसींखेरीज आमच्या घरचे कोणी तेथे जात नाही. तेथे काय मिळते आणि कोणत्या कामासाठी थेट उपजिल्हा रुग्णालय गाठावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त आरोग्य सहायक, शिरपूर

भाऊ, आपल्याकडे बहुतेक घरांत हेच चालते. लस आणि कुटुंबनियोजन म्हणजे सरकारी दवाखाना अशी समजूत पक्की झाली आहे, आणि ज्या आजारांना वर्षानुवर्षे औषध लागते त्यांच्यासाठीच लोक खासगीत पैसे मोजतात. माझ्या मते आबांसारख्या रुग्णाला या केंद्राचा सर्वाधिक उपयोग आहे. तिशीपुढील प्रत्येकाची रक्तदाब, रक्तशर्करा आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी, तर स्त्रियांची त्याशिवाय स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करणे हे केंद्राचे नेमून दिलेले काम आहे. ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन यांसारखी नेहमीची औषधेही तेथूनच दिली जातात. आबांची जुनी चिठ्ठी आणि सध्याच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, म्हणजे औषध परस्पर न बदलता वैद्यकीय अधिकाऱ्यांना पुढे चालू ठेवता येईल. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड यांच्या सविस्तर तपासणीसाठी मात्र मोठ्या रुग्णालयातच जावे लागेल.

खर्चाविषयी सांगायचे तर 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वेगळ्या विभागाखाली येतात, त्यामुळे तेथे ही सवलत गृहीत धरू नये. तेथे पैसे घेतले म्हणून वाद घालणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभही ठरावीक उपचारांसाठी आणि मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही.

उत्तर : समुदाय आरोग्य अधिकारी, शहादा तालुका

वहिनींची नोंदणी गावच्या आशाताईंमार्फत ताबडतोब करून घ्यावी. ती पहिल्या बारा आठवड्यांत होणे अपेक्षित असते. प्रसूतीपूर्वी किमान चार तपासण्या होतात, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत डॉक्टरांकडून विशेष तपासणी केली जाते. गुंतागुंत नसेल तर प्रसूती केंद्रातच होऊ शकते. मात्र आधीची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर जेथे शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्हींची सोय आहे असे रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे. प्रसूतीसाठी नेण्या-आणण्याची मोफत गाडी 102 क्रमांकावर मिळते.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने वहिनींची ती तपासणी करून घ्यावी, आणि त्या वाहक (स्वतःला आजार नसला तरी तो बाळाकडे जाऊ शकतो अशा) निघाल्यास आपल्या भावाचीही करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते.

उत्तर : केळी उत्पादक शेतकरी, यावल

वरील माहिती योग्य आहे, पण ती कागदावरची आहे, हेही नमूद करायला हवे. आमच्या भागातील एका केंद्रात रात्री डॉक्टर भेटतीलच याची खात्री नसते, आणि औषधे संपल्याचे उत्तरही ऐकावे लागते. मग साप चावल्यावर तेथे थांबून वेळ का घालवावा?

उत्तर : निवृत्त आरोग्य सहायक, शिरपूर

दादा, आपली तक्रार रास्त आहे, म्हणूनच सर्पदंशात 108 ला फोन लावतानाच केंद्रातही फोन करून डॉक्टर आणि प्रतिविष आहे का ते विचारावे. असेल तर तेथेच उपचार सुरू करून पुढे जाणे हिताचे, कारण घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि उशिराची किंमत मोठी असते. रक्त गोठते की नाही हे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे ठेवून केंद्रातही पाहता येते. नाग आणि मण्यार यांच्या दंशात श्वास बंद पडू शकतो; अशा रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावेच लागते. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे आणि मांत्रिकाकडे नेणे हे तिन्ही टाळावे. दंश झालेला भाग हलू न देता रुग्णाला न्यावे.

लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही गोळी गुणकारी आहे, आणि हा उपचार रूढ होण्यामागे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे मोठे काम आहे. दंशानंतर घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे दिसले तर क्षणभरही वाट पाहू नये. कुत्रा चावल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन मग केंद्रात जावे. लस तेथे मिळते. पण जखम खोल असेल तर जखमेत द्यावयाच्या इम्युनोग्लोब्युलिनसाठी (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी) बहुधा मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आबांना चार किलोमीटरही जाणे जड जाते. गावातल्या उपकेंद्रातच गोळ्या मिळू शकतील का?

उत्तर : समुदाय आरोग्य अधिकारी, शहादा तालुका

होय. केंद्रात एकदा तपासणी होऊन उपचार ठरला की पुढच्या गोळ्या आणि रक्तदाब-साखरेची नियमित नोंद, समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले असतील त्या उपकेंद्रात होते. डॉक्टरांचा सल्ला लागल्यास ते ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून तेथूनच बोलणे करून देतात. पहिल्या खेपेला आबांचे आधार कार्ड आणि मोबाइल सोबत द्यावा.