मदत हवी आहे: लिफ्टची काँक्रीट भिंत, बुडाशी लॅप, ९० अंशाच्या रिंगा

साइटवाला_मिरामार
गोव्यात मिरामारला स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला) अधिक ७ मजले, एकूण उंची २४ मीटर. लिफ्ट आणि जिन्याभोवती काँक्रीटच्या भिंती, त्यातली सगळ्यात लांब ३ मीटर. जाडी २०० मिमी, काँक्रीट एम ३० (ताकद ३० न्यूटन प्रति चौमिमी). राफ्टचं (इमारतीखालच्या सलग पायाचं) लोखंड पुढच्या आठवड्यात बांधायचं आहे. तीन शंका:
१) सगळ्या उभ्या सळयांचा लॅप (दोन सळया एकमेकींलगत ठेवून केलेला जोड) राफ्टच्या लगेच वर दाखवलाय.
२) भिंतीच्या टोकांना उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा १५० मिमीवर, त्यांचे आकडे (हुक) ९० अंशाचे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, गोव्यात कुठे होतात भूकंप?
३) डीबीसाठी (विजेच्या वितरण पेटीसाठी) इलेक्ट्रिकवाल्याला स्टिल्टमध्ये त्याच भिंतीत ६०० × ९०० मिमीचं भोक हवंय.

ओळंबा
लॅप आधी सोडवा, राफ्ट भरल्यावर काही करता येणार नाही.

भूकंपात अशी उंच भिंत जमिनीत रोवलेल्या काठीसारखी वाकते आणि सळया ताणल्या जातात त्या बुडाशीच. आयएस १३९२० (भूकंपात तग धरणाऱ्या काँक्रीटच्या बांधणीचं भारतीय मानक) हा पट्टा भिंतीच्या लांबीइतका किंवा उंचीच्या एक षष्ठांश, यातला जास्त तो धरते (लांबीच्या दुपटीपुढे गरज नाही). तुमच्याकडे ३ मीटर आणि २४ ÷ ६ = ४ मीटर, म्हणजे ४ मीटर; स्टिल्ट संपून पहिल्या मजल्यात शिरतो. या पट्ट्यात भिंत उलटसुलट वाकली की कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) उडतं, लॅपभोवतीची पकड जाते आणि सळया एकमेकींवरून सरकतात. १२ मीटरची अख्खी सळई राफ्टमधून काढा आणि लॅप ४ मीटरच्या वर घ्या. उभ्या सळया वाऱ्याने कलतात, म्हणून पाइपचा आधार आधीच बांधा. अगदीच जमत नसेल तर एका पातळीवर एक तृतीयांशाहून जास्त सळयांचा लॅप नको, आणि शेजारच्या लॅपमध्ये निदान ६०० मिमीचा फरक ठेवा.

सळई एफई ५०० डी (जास्त ताणली जाणारी प्रत) आहे ना, तेही बघा. आयएस १३९२० निदान १४.५ टक्के लांबण (तुटण्याआधी सळई किती लांबते ते) मागते. साध्या एफई ५०० ची हमी १२ टक्क्यांचीच.

रिंगमास्तर
कॉन्ट्रॅक्टरला सांगा, भूकंपाच्या मानकात, आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत, गोवा झोन ३ मध्ये आहे, झोनचा गुणांक Z = ०.१६. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही फार लांबचा नव्हे. पण खरं उत्तर हिशेबात आहे. डिझायनरने डक्टाइल (न तुटता वाकणारी) भिंत म्हणून R = ४ घेतला असणार; हिशेबातला भूकंपाचा जोर या R ने भागून कमी करतात. I (इमारतीचं महत्त्व) = १ आणि Sa/g (हादऱ्याला इमारतीचा प्रतिसाद) = २.५ धरलं तर आडव्या जोराचा गुणांक ०.१६/२ × २.५/४ = ०.०५, म्हणजे वजनाच्या ५ टक्के. साध्या भिंतीला R = ३, म्हणजे ०.०६७, भूकंपाचा जोर एक तृतीयांशाने जास्त. रिंगांचे आकडे ९० अंशाचे ठेवले तर आकडेमोडीतला R खोटा ठरतो. आकडा १३५ अंशाचाच हवा, आत वळलेलं टोक रिंगेच्या सळईच्या ६ व्यासांचं आणि ६५ मिमीपेक्षा कमी नाही. ९० चा आकडा कव्हर उडालं की उघडतो.

आता १५० मिमी. भिंतीच्या टोकाचा दाब ०.२ fck च्या (fck म्हणजे काँक्रीटची ठरलेली ताकद), म्हणजे एम ३० ला ६ न्यूटन प्रति चौमिमीच्या वर असेल तर तिथे बाउंडरी एलिमेंट (रिंगांनी जखडलेला टोकाचा भाग) लागतो. त्याच्या रिंगांचं अंतर लहान बाजूच्या एक तृतीयांशाहून जास्त चालत नाही. २०० ला हे ६६ मिमी येतं! त्यात समुद्रकाठचं कव्हर ४५ मिमी. दोन्हीकडचं वजा केलं की गाभा उरतो ११० मिमी. त्यात रिंगा, क्रॉसटाय (आडवे बांध) आणि काँक्रीट दाबून बसवणारा सुई व्हायब्रेटर एकत्र मावत नाहीत, मग बुडाशी हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) ठरलेलंच. टोकं ३०० मिमी जाड करा. रिंगा १०० वर येतात (उभी सळई १६ मिमीची असेल तर तिच्या ६ व्यासांच्या मर्यादेने ९६) आणि काँक्रीट खाली पोचतं.

साइटवाला_मिरामार
टोकाचा दाब डिझायनरला विचारतो. मधल्या भागाची जाळी कशी असावी?

ओळंबा
जाडी २०० म्हणजे दोन जाळ्या. आडवं लोखंड काँक्रीटच्या छेदाच्या किमान ०.२५ टक्के: प्रत्येक जाळीत ८ मिमीच्या सळया, २०० मिमीवर. उभं (शेवटचा भाग जाडी भागिले लांबी) ०.००२५ + ०.०१३७५ × २००/३००० = ०.३४ टक्के: १० मिमी, २२५ वर. आडव्या सळया टोकाच्या रिंगांच्या आत नेऊन अडकवा. कव्हरमध्ये सोडलेली आडवी सळई असून नसल्यासारखी.

चिरेबंदी
भोक नको. तेही त्याच ४ मीटरच्या पट्ट्यात! डीबी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर बसवा. टाळताच येत नसेल तर डिझायनरकडून नवं ड्रॉइंग घ्या. जितक्या सळया तुटतात तितक्याच क्षेत्रफळाच्या सळया भोकाच्या कडेला घाला, निम्म्या एका बाजूला, निम्म्या दुसऱ्या, आणि भोकापलीकडे पूर्ण डेव्हलपमेंट लेंथ (सळईची पकड बसायला लागणारी लांबी). नंतर कोअर कटरने (काँक्रीट कापायच्या यंत्राने) फोडायला देऊ नका.

एक विचारायचं राहिलं: लिफ्ट एका कोपऱ्यात आहे का? असेल तर इमारत पिळवटते. मजल्याच्या एका टोकाचं सरकणं दुसऱ्याच्या १.५ पटीपेक्षा जास्त आलं का, हेही डिझायनरला विचारा. वरच्या मजल्यांवर चिऱ्याच्या भिंती, खाली मोकळा स्टिल्ट, त्यामुळे स्टिल्टची ताठरता वरच्या मजल्याच्या ८० टक्क्यांहून जास्त हवी.

साइटवाला_मिरामार
कोपऱ्यातच आहे. राफ्ट थांबवतो.